प्रभातच्या फाटकाशी : शांता आपटे

नटी म्हटली की आमच्या गावात आजही नाक मुरडतात. आणि मंडईत तिचे नाटक लागले की तेच लोक पहिल्या रांगेत बसतात! मग नव्वद वर्षांपूर्वीचे काय सांगावे? शांताबाई आपटे 1932 साली भालजी पेंढारकरांच्या 'श्यामसुंदर'मध्ये राधा झाल्या, तेव्हा त्या अवघ्या सोळा वर्षांच्या होत्या. जन्म सोलापूर जिल्ह्यातील दुधनीचा, गाण्याचे शिक्षण पंढरपूरचे.

1934 साली प्रभातच्या 'अमृतमंथन'मध्ये त्यांना नायकाच्या बहिणीची भूमिका मिळाली आणि त्यांचे नाव देशभर झाले. त्या काळी पडद्यावर गाणारी बाई खांबासारखी उभी राहून गाई. शांताबाईंचे हात बोलत, डोळे बोलत. 1937 च्या 'कुंकू'मधली नीरा तर विसरता येत नाही. म्हाताऱ्या नवऱ्याशी फसवून लग्न लावलेली ही मुलगी त्याला नवरा मानायलाच नकार देते. व्ही. शांतारामांचे दिग्दर्शन थोर, हे कबूल. पण मला वाटते, नीरेचा ताठ कणा शांताबाईंचा स्वतःचा होता.

आज मुंबईत कलावंतांची कामे ठरविणारे एजंट असतात, करार वाचणारे वकील असतात. शांताबाईंच्या वेळी स्टुडिओ म्हणजे एक कारखानाच. नट-नट्या तिथे महिन्याच्या पगारावर, कराराने बांधलेल्या. बाईच्या वतीने बोलायचे तर घरचेच कोणी, बहुधा आई किंवा भाऊ. शांताबाईंच्या पाठीशी थोरले बंधू बाबूराव होते. ते कडक स्वभावाचे होते म्हणतात. पण कंपनीपुढे एकट्या भावाचे वजन ते किती?

1939 साली करार आणि पगार यांवरून प्रभातशी त्यांचा वाद झाला. बोलून काही निघेना, तेव्हा शांताबाई पुण्यातील स्टुडिओच्या फाटकाशी जाऊन बसल्या आणि त्यांनी अन्न सोडले! भाऊ सोबत होता. ज्या कंपनीने दोनच वर्षांपूर्वी त्यांना नीरा केले, तिच्याच दारात हे उपोषण. वर्तमानपत्रांत गाजावाजा झाला. पुढे शांताबाई प्रभातमधून बाहेर पडल्या.

हे वाचताना मला माझी मामेबहीण आठवली. ती झाडीपट्टीच्या नाटकात काम करते. आमच्या लाखांदूरपासून वडसा जवळच. दिवाळीच्या आधीपासून तिथे नाटक मंडळ्यांची बुकिंगची कार्यालये गजबजतात. एका हंगामात तिचे सगळे तोंडी ठरले होते. किती प्रयोग, जाण्यायेण्याचा खर्च कोणाचा, आजारी पडली तर काय, यांतले काहीच कागदावर नव्हते. शेवटी हाती आले ते ठरल्यापेक्षा कमी. विचारायला मामा गेले, मान खाली घालून परत आले. आमच्या घरात करार वाचू शकणारी पहिली मीच. पण वाचायला कागद तर हवा!

शांताबाई नुसत्या चिडून थांबल्या नाहीत. 1940 साली त्यांनी 'जाऊ मी सिनेमात?' हे पुस्तक लिहिले. चोविसाव्या वर्षी, कीर्ती ऐन भरात असताना, चित्रपटधंद्यात कलावंताची कशी पिळवणूक होते ते एका नटीने स्वतःच्या नावाने छापावे, हे मला उपोषणाहूनही मोठे वाटते. उपोषण एका कंपनीशी होते. पुस्तकानंतर काम देणारे सगळेच दुरावण्याचा संभव होता.

पण तसे झाले नाही. 1941 साली 'सावित्री' या तमिळ चित्रपटात त्या नायिका होत्या आणि त्यासाठी त्या तमिळ शिकल्या. नारदाच्या भूमिकेत होत्या एम. एस. सुब्बुलक्ष्मी. 1942 चा 'जमीनदार', 1949 चा 'स्वयंसिद्धा' अशी कामे चालू राहिली. 24 फेब्रुवारी 1964 रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. प्रभातच्या त्या आवारात तोवर सरकारची फिल्म इन्स्टिट्यूट सुरू झाली होती.