विश्लेषण : डंकन राजाचा खून मॅकबेथने खरेच केला होता का? शेक्सपिअरच्या खलनायकामागचा खरा राजा कोण?

झोपलेल्या पाहुण्याचा खून, त्यातून मिळालेला मुकुट आणि नंतर उडालेली झोप. शेक्सपिअरच्या ‘मॅकबेथ’ची ही कथा जगभर पोहोचली आहे. मराठीत वि. वा. शिरवाडकरांनी १९५४मध्ये ती ‘राजमुकुट’ या नावाने आणली, तर २००३मध्ये विशाल भारद्वाज यांच्या ‘मकबूल’ने ती मुंबईच्या गुन्हेगारी जगात नेली. पण मॅकबेथ हे काल्पनिक पात्र नाही. या नावाचा राजा अकराव्या शतकात स्कॉटलंडच्या गादीवर १७ वर्षे होता. नाटकातल्या खुनाशी त्याचा संबंध किती?

मॅकबेथ कोण होता?

मॅकबेथचा जन्म १००५च्या सुमारास झाला. त्याच्या नावाचा मूळ गेलिक भाषेतील अर्थ ‘जीवनाचा पुत्र’. वडील फिनले हे उत्तर स्कॉटलंडमधील मॉरे प्रांताचे अधिपती होते. स्थानिक भाषेत या पदाला मोरमेर म्हणत. मोरमेर नावाला राजाच्या हाताखाली असे, पण आपल्या मुलखात त्याचाच शब्द चाले.

१०२०मध्ये फिनले यांना त्यांच्याच पुतण्यांनी ठार मारले. मॅकबेथ तेव्हा जेमतेम १५ वर्षांचा होता. अधिपतीपद चुलतभावांकडे गेले. भाऊबंदकी आणि सत्तेसाठी रक्तपात यांची ओळख त्याला अशी घरातच झाली.

१०३२मध्ये काय घडले?

त्या वर्षी मॉरेचा तेव्हाचा अधिपती आणि मॅकबेथचा चुलतभाऊ गिला कोमगेन याला ५० माणसांसह जाळून मारण्यात आले. हे कोणी केले, त्याचे नाव तत्कालीन नोंदीत नाही. मात्र त्यानंतर मॉरे मॅकबेथच्या हाती आले आणि त्याने गिला कोमगेनच्या विधवेशी, ग्रुओखशी लग्न केले. तिचा लहान मुलगा लुलाख त्याच्याच घरात वाढला. त्यामुळे संशयाची सुई मॅकबेथकडे वळते. त्याच्या आयुष्यात थंड डोक्याने केलेल्या हत्येचा संशय घ्यायचाच, तर तो इथे घ्यावा लागतो. नाटकात नेमका हाच प्रसंग नाही.

ग्रुओख म्हणजेच नाटकातील लेडी मॅकबेथ. ती राजघराण्यातील होती. १०३३मध्ये तेव्हाचा राजा दुसरा माल्कम याने तिच्या माहेरच्या एका पुरुष वारसाला ठार केले होते. म्हणजे राजाच्या घराण्याशी तिचे स्वतःचे वैर होते. तिने नवऱ्याला खुनासाठी भरीस घातले, असे सांगणारा समकालीन पुरावा मात्र नाही.

डंकनचा मृत्यू : खून की युद्ध?

स्कॉटलंडमध्ये तेव्हा बापानंतर मुलगा राजा होईलच असे नव्हते. राजकुळाच्या वेगवेगळ्या शाखांमधील कर्त्या पुरुषांमधून राजा पुढे येई. दुसऱ्या माल्कमला मुलगा नव्हता. त्याने इतर शाखांना डावलून मुलीचा मुलगा डंकन याचा मार्ग मोकळा केला. १०३४मध्ये डंकन गादीवर आला.

नाटकात डंकन हा वयोवृद्ध, पुण्यशील राजा आहे. खरा डंकन तरुण होता. इंग्लंडमधील डरहॅमवर त्याने केलेली स्वारी फसली आणि मोठी मनुष्यहानी झाली. त्यानंतर तो सैन्य घेऊन मॉरेवर, म्हणजे थेट मॅकबेथच्या प्रांतावर चालून गेला. १४ ऑगस्ट १०४० रोजी एल्गिनजवळ झालेल्या संघर्षात तो मारला गेला आणि मॅकबेथ राजा झाला. शयनगृह, कट्यार, झोपलेले पहारेकरी हे सारे नंतरचे.

मारणारा मॅकबेथचाच पक्ष होता, यात शंका नाही. पण त्या काळात स्कॉटलंडच्या अनेक राजांचा शेवट असाच झाला होता आणि डंकन पाहुणा नव्हे, तर चालून आलेला प्रतिस्पर्धी होता.

१७ वर्षांची राजवट कशी होती?

१०४५मध्ये डंकनचे वडील क्रिनान यांनी उठाव केला. ते लढाईत मारले गेले. त्यानंतरची काही वर्षे तुलनेने शांततेत गेली. मॅकबेथ आणि ग्रुओख यांनी लॉख लेव्हन येथील धर्मपीठाला जमीन दान दिल्याची नोंद आहे. त्यात दोघांचीही नावे राजा आणि राणी म्हणून येतात.

१०५०मध्ये मॅकबेथ रोमच्या यात्रेला गेला आणि तेथे त्याने गरिबांना मुक्तहस्ते पैसे वाटल्याचे एका समकालीन भिक्षूने लिहून ठेवले आहे. त्या काळी रोमला जाऊन येणे म्हणजे काही महिन्यांची अनुपस्थिती. मागे सिंहासन डळमळीत असते, तर राजाने हा धोका पत्करला नसता. ही यात्रा पापक्षालनासाठी होती की राजाची प्रतिष्ठा मिरवण्यासाठी? दोन्ही शक्य आहे. इंग्लंडचा राजा कनूटही १०२७मध्ये रोमला गेला होता.

शेवट कसा झाला?

१०५४मध्ये इंग्लंडमधील नॉर्थम्ब्रियाचा सरदार सिवर्ड याने स्कॉटलंडवर स्वारी केली. २७ जुलैच्या लढाईत स्कॉटलंडचे ३,००० आणि इंग्लंडचे १,५०० लोक पडल्याचे आयर्लंडच्या बखरीत नमूद आहे. सिवर्डचा मुलगाही त्यात गेला. नाटक इथेच मॅकबेथला संपवते. प्रत्यक्षात तो वाचला आणि आणखी तीन वर्षे टिकून राहिला. १५ ऑगस्ट १०५७ रोजी लम्फॅनन येथे डंकनचा मुलगा माल्कम याच्या बाजूने त्याला ठार मारले. डंकनच्या मृत्यूला तेव्हा १७ वर्षे आणि एक दिवस झाला होता.

पण मुकुट लगेच माल्कमकडे गेला नाही. मॅकबेथच्या समर्थकांनी सावत्र मुलगा लुलाख याला राजा केले. मार्च १०५८मध्ये लुलाखही मारला गेला आणि मगच तिसऱ्या माल्कमची राजवट सुरू झाली.

मग तो खलनायक कसा ठरला?

माल्कमच्या वंशजांनी दोनशेहून अधिक वर्षे राज्य केले. त्यांच्या सत्तेला न्याय्य ठरवायचे, तर मॅकबेथ हा गादी बळकावणाराच असायला हवा होता. चौदाव्या शतकापासूनच्या इतिवृत्तांत ही प्रतिमा गडद होत गेली. पंधराव्या शतकात अँड्र्यू ऑफ विंटनच्या पद्यात भविष्य सांगणाऱ्या तीन स्त्रिया आल्या. १५२७मध्ये हेक्टर बोईसने बँको हे पात्र घडवले आणि त्याला स्टुअर्ट राजघराण्याचा मूळपुरुष केले.

ही कथा होलिन्शेडच्या इतिहासग्रंथातून शेक्सपिअरकडे आली. १६०३मध्ये इंग्लंडच्या गादीवर आलेला पहिला जेम्स स्टुअर्ट वंशाचा होता. चेटूकविद्येवर त्याने स्वतः पुस्तक लिहिले होते. १६०५मध्ये संसदेसह त्याला स्फोटकांनी उडवण्याचा कट उघड झाला होता. शेक्सपिअरच्या नाट्यमंडळीला याच राजाचा आश्रय होता. १६०६च्या सुमारास लिहिलेल्या नाटकात राजहत्या हे सर्वांत मोठे पाप ठरले, यात नवल नाही.

काय गाळले गेले, तेही बोलके आहे. होलिन्शेडच्या ग्रंथात बँको डंकनच्या हत्येत सामील आहे. नाटकात तो निर्दोष आहे, कारण तो जेम्सचा पूर्वज मानला जात होता. त्याच ग्रंथात मॅकबेथने सुरुवातीची दहा वर्षे चोख न्यायाने राज्य केल्याचे म्हटले आहे. नाटकात त्या वर्षांना जागाच नाही. शयनगृहातील खून आणि नवऱ्याला चिथावणारी पत्नी यांचा मोठा भाग डफ नावाच्या आधीच्या एका राजाच्या हत्येच्या कथेतून उचललेला आहे.

नाटकातला अपराधभाव मग खोटा का?

दहा शांत वर्षे काढून टाकल्याने खून आणि शिक्षा यांच्यातील अंतर मिटले. प्रेक्षकांना दिसते ते सलग कोसळणारे मन. मुकुट मिळाल्यावरही खून करणाऱ्याला स्वस्थता मिळत नाही, हातावरचे रक्त धुतले जात नाही, हा अनुभव माणसाबद्दल खरा आहे. तो मॅकबेथ नावाच्या राजाने घेतला होता, एवढे मात्र सिद्ध होत नाही.

२००५मध्ये, त्याच्या जन्माच्या सहस्राब्दीच्या निमित्ताने, स्कॉटलंडच्या संसदेतील काही सदस्यांनी मॅकबेथला न्याय मिळावा, त्याच्याकडे इतिहासातील राजा म्हणून पाहिले जावे, अशी मागणी केली. निर्दोष तर तोही नव्हता. १०३२च्या त्या आगीत जळालेल्या ५० माणसांची नावे मात्र ना बखरीत आहेत, ना नाटकात.