टांकसाळीत चांदीचा कस बघणाऱ्या माणसामुळं आपल्याला सम्राट अशोक सापडला

खिशात एखादी नोट असेल तर बाहेर काढा. यूपीआयच्या जमान्यात नसेलच, तर घरात कुणाकडून तरी मागून घ्या. तिच्यावर तीन गोष्टी बघायच्या. एक, रुपया हा शब्द. दोन, अशोकस्तंभाचे सिंह. तीन, मागच्या बाजूला भाषांच्या पट्टीत असलेली मराठीतली ओळ.

चलन, सम्राट आणि लिपी. या तिन्ही गोष्टींचा इतिहास शोधत गेलात की एक माणूस हमखास भेटतो. तो राजा नव्हता, संस्कृतचा पंडितही नव्हता. सरकारी टांकसाळीत चांदी खरी की खोटी हे तपासणं ही त्याची नोकरी. नाव जेम्स प्रिन्सेप. आयुष्य मिळालं फक्त ४० वर्षांचं.

डोळे बिघडले आणि गडी टांकसाळीत आला

प्रिन्सेपचा जन्म २० ऑगस्ट १७९९ चा, इंग्लंडमधला. वडील जॉन प्रिन्सेप यांनी भारतात नीळीच्या धंद्यात बक्कळ पैसा कमावला आणि मायदेशी परतले. पुढे त्यांचे दिवस फिरले. घरात पोरं पुष्कळ, त्यामुळं प्रत्येकाला काम शोधणं भाग होतं.

जेम्सचा हात चित्रात चांगला होता, म्हणून तो वास्तुरचना शिकायला गेला. पण डोळ्यांना संसर्ग झाला, नजर कमजोर झाली आणि बारीक रेघोट्यांचं ते काम सुटलं. तेवढ्यात वडिलांना कळलं की कलकत्त्याच्या टांकसाळीत धातू तपासणाऱ्या माणसाला वाव आहे. पोरगं रसायनशास्त्र शिकलं, लंडनच्या शाही टांकसाळीत उमेदवारी केली आणि सप्टेंबर १८१९ मध्ये कलकत्त्यात उतरलं. तेव्हा वय होतं २०.

आता हे काम नेमकं काय असायचं? चांदीचा छोटा तुकडा घ्यायचा, वजन करायचं, शिशाबरोबर भट्टीत तापवायचा. हलके धातू जळून हाडांच्या राखेच्या भांड्यात मुरतात आणि शुद्ध चांदीचा मणी उरतो. त्याचं परत वजन करायचं. आधीचं वजन आणि नंतरचं वजन यातला फरक म्हणजे भेसळ. आपल्याकडं सोनार कस लावतात, तसाच हा प्रकार. मोजायचं, नोंदवायचं, ताडून बघायचं. ही सवय लक्षात ठेवा, कारण पुढं सगळा खेळ तिचाच आहे.

पुढच्याच वर्षी त्याची रवानगी बनारसच्या टांकसाळीत झाली आणि तो तिथं १० वर्षं राहिला. नोकरी सांभाळून त्यानं शहराचा नकाशा केला, लोकसंख्या मोजली, साचलेलं पाणी गंगेत जावं म्हणून जमिनीखालून नाला काढला, औरंगजेबाच्या मशिदीचे कललेले मिनार दुरुस्त केले आणि कर्मनाशा नदीवर दगडी पूल बांधला. भट्टीचं तापमान अचूक मोजायची पद्धतही शोधली. त्या कामामुळं लंडनच्या रॉयल सोसायटीनं त्याला सदस्य करून घेतलं. तेव्हा त्यानं तिशीही गाठली नव्हती.

रुपया होता, पण एक नव्हता

१८३० मध्ये बनारसची टांकसाळ बंद झाली. प्रिन्सेप कलकत्त्याला आला आणि १८३२ मध्ये तिथला मुख्य पारखी झाला.

त्या काळात रुपया म्हटलं की पहिला प्रश्न यायचा, कुठला? बंगालचा सिक्का रुपया वेगळा, फर्रुखाबादी वेगळा, सुरती वेगळा, मद्रासकडचा अर्काटी वेगळा. आपल्याकडं पेशवाईतले अंकुशी आणि चांदवडी रुपये होतेच. प्रत्येकाचं वजन आणि चांदी कमी-जास्त. एका गावचे पैसे दुसऱ्या गावात चालवायचे तर सराफ बट्टा कापणार. व्यापाऱ्याला ही डोकेदुखी होती आणि शेतकऱ्याला सरळ तोटा.

वजनांचा हा घोळ मिटवण्यात प्रिन्सेपचा मोठा हात होता. १८३३ मध्ये कंपनी सरकारनं १८० ग्रेनचा तोळा ठरवला. ८० तोळ्यांचा शेर, ४० शेरांचा मण. १८३५ मध्ये त्याच १८० ग्रेन वजनाचा, १६५ ग्रेन शुद्ध चांदीचा कंपनी रुपया आला आणि कंपनीच्या सगळ्या मुलखासाठी एकच नाणं झालं. आजी सांगते तो जुना तोळा ११.६६ ग्रॅमचा असतो. तो हाच. सराफाकडं आज १० ग्रॅमला तोळा म्हणतात, ती नंतरची सोय.

यात कंपनीचा स्वार्थ होता हे उघड आहे. सारा गोळा करायला आणि व्यापार करायला एकच नाणं सोयीचं.

खांब होते, अक्षरं होती, वाचणारा कुणी नव्हता

टांकसाळीत जुनी नाणी यायची. त्यांच्यावरची अक्षरं प्रिन्सेपला गप्प बसू देईनात. त्यात तो एशियाटिक सोसायटीचा सचिव झाला आणि १८३२ पासून सोसायटीचं मासिकही चालवू लागला. देशभरातले अधिकारी, प्रवासी, हौशी लोक त्याला नाणी आणि शिलालेखांचे ठसे पाठवू लागले.

सगळ्यात मोठं कोडं होतं खांबांचं. दिल्ली, अलाहाबाद, बिहारमधलं लौरिया. उंच, गुळगुळीत दगडी खांब आणि त्यांच्यावर काड्या-गोलांसारखी अक्षरं. १४ व्या शतकात फिरोजशाह तुघलकानं असे दोन खांब दिल्लीला आणवले आणि पंडितांना विचारलं. कुणालाच वाचता आलं नाही. जहांगीराच्या काळात आलेल्या टॉमस कोर्याट नावाच्या इंग्रज प्रवाशाला तर दिल्लीचा खांब सिकंदराचा वाटला होता.

प्रिन्सेपनं काय केलं? टांकसाळीत करायचा तेच. आधी मोजणी. अलाहाबादच्या खांबावरचं कुठलं अक्षर किती वेळा येतं याचा तक्ता केला. त्यातून दिसलं की मूळ अक्षर तेच राहतं, फक्त त्याला वर, खाली, बाजूला छोट्या रेघा लागतात. आपण पहिलीत शिकतो ती बाराखडी! म्हणजे एकही अक्षर वाचता येत नसताना त्यानं ओळखलं की ही लिपी आपल्या काना-मात्रांच्या लिप्यांच्या घराण्यातली आहे. पुढं ताडून बघताना आणखी एक गोष्ट कळली. दिल्ली, अलाहाबाद आणि बिहारच्या खांबांवर बराचसा मजकूर एकच होता. इतक्या लांब लांब एकच मजकूर कोरायचा तर मागं कुणीतरी तेवढाच मोठा माणूस हवा.

१८३६ मध्ये ख्रिस्तियन लासेन या अभ्यासकानं अगाथोक्लीस राजाच्या नाण्यावरून काही अक्षरं लावली. त्या नाण्याच्या एका बाजूला ग्रीक अक्षरं होती आणि दुसऱ्या बाजूला हीच काड्या-गोलांची.

शेवटची दोन अक्षरं

१८३७ मध्ये कॅप्टन एडवर्ड स्मिथ यांनी सांचीच्या स्तूपावरच्या लेखांचे ठसे पाठवले. कठड्यावर कोरलेले छोटे छोटे, सुटे लेख. प्रिन्सेप ते मासिकात छापायला मांडत होता आणि त्याच्या लक्षात आलं की जवळपास प्रत्येक लेख त्याच दोन अक्षरांवर संपतोय, आणि शेवटी एक टिंब आहे.

आपल्या देवळात जा. पंख्यावर, बाकड्यावर, फरशीवर काय लिहिलेलं असतं? अमुक यांच्याकडून सप्रेम भेट. प्रिन्सेपचं डोकं तिथंच गेलं. स्तूपाच्या कठड्यावर सुट्या ओळी असतील तर त्या देणगीदारांच्याच असणार. मग शेवटचा शब्द दानं. म्हणजे द आणि न मिळाले, टिंब म्हणजे अनुस्वार. त्याच्या आधी वारंवार येणारं अक्षर स, म्हणजे अमक्याचं, तमक्याचं. स मिळाला की नावं उलगडायला लागली.

काही दिवसांत जवळपास सगळी अक्षरं हाती आली आणि काही आठवड्यांत दिल्लीचा खांब वाचून झाला. भाषा संस्कृत नव्हती, प्राकृत होती. म्हणजे पंडितांच्या ग्रंथांतली नव्हे, लोकांच्या बोलीजवळची. अर्थ लावायला पंडित कमलाकांत विद्यालंकार सोबत होते. या लिपीला ब्राह्मी हे नाव बरंच नंतर रुळलं.

पण हा राजा कोण?

खांबावर नाव होतं देवानंपिय पियदसि. देवांचा लाडका प्रियदर्शी. भारतातल्या राजांच्या यादीत असा कुणी सापडेना. प्रिन्सेपला आधी तो श्रीलंकेचा राजा वाटला.

कोडं सुटलं तेही श्रीलंकेतूनच. तिथले अधिकारी जॉर्ज टर्नर पाली ग्रंथांचा अभ्यास करत होते. त्यांना एका ग्रंथात सापडलं की पियदसि हे चंद्रगुप्त मौर्याच्या नातवाचं, म्हणजे अशोकाचंच दुसरं नाव. तोवर अशोक पुराणांतल्या वंशावळीत आणि बौद्ध कथांत होता. आता त्याचे स्वतःचे आदेश हाती होते. पुढं १९१५ मध्ये रायचूरजवळच्या मस्कीला अशोक हे नाव असलेला लेख मिळाला आणि टर्नर बरोबर होते यावर शिक्का बसला.

इथं मुंबईही येते. गिरनारच्या खडकावरच्या लेखांचे कापडावर घेतलेले ठसे कॅप्टन लँग यांनी मुंबईच्या डॉ. जॉन विल्सन यांच्यासाठी काढले होते. गिरगाव चौपाटीसमोरचं विल्सन कॉलेज ज्यांच्या नावानं आहे, तेच हे. ठसे कलकत्त्याला पोचले आणि त्यात प्रिन्सेपला अंतियोक आणि तुरमाय ही नावं दिसली. म्हणजे अँटिओकस आणि टॉलेमी हे ग्रीक राजे. ग्रीक राजांच्या तारखा माहीत होत्या, त्यामुळं अशोकाला इसवी सनपूर्व तिसऱ्या शतकात पक्की जागा मिळाली. पुढं १८८२ मध्ये भगवानलाल इंद्रजी यांना आपल्या नालासोपाऱ्यात अशोकाच्या आठव्या आदेशाचा तुकडा सापडला. तो वाचणं शक्य झालं ते याच कामामुळं.

एक वर्ष, आणि सगळं संपलं

१८३५ मध्ये प्रिन्सेपचं हॅरिएटशी लग्न झालं, १८३७ मध्ये मुलगी झाली. दिवसभर टांकसाळ, त्यानंतर ठसे, पत्रं, मासिक. त्यातच खरोष्ठी ही दुसरी लिपीही त्यानं नाण्यांवरून बरीच उलगडत आणली होती. १८३८ मध्ये सतत डोकं दुखायला लागलं, मग मेंदूचा आजार बळावला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये त्याला जहाजात घालून इंग्लंडला नेलं. २२ एप्रिल १८४० रोजी लंडनमध्ये तो गेला. सांचीच्या त्या दोन अक्षरांना तीन वर्षंही झाली नव्हती.

कलकत्त्याच्या लोकांनी वर्गणी काढून हुगळीच्या काठी त्याच्या नावानं घाट बांधला. विद्यासागर सेतूजवळचा प्रिन्सेप घाट तो हाच. त्याचा तरुण मित्र अलेक्झांडर कनिंगहॅम पुढं पुरातत्व खात्याचा पहिला प्रमुख झाला आणि १८७७ मध्ये त्यानं अशोकाचे लेख एका ग्रंथात छापले.

प्रिन्सेपनं एकट्यानं हे केलं असं सांगणं सोपं आहे, पण खरं नाही. स्मिथचे ठसे, लासेनची अक्षरं, टर्नरचा पाली ग्रंथ, कमलाकांतांचं संस्कृत यातलं एकही नसतं तर काम अडलं असतं. आणि कमलाकांतांच्या नावाचा घाट काही कुठं दिसत नाही.

नोटेवरचे सिंह सारनाथच्या उत्खननात सापडले ते १९०५ मध्ये, म्हणजे प्रिन्सेपनंतर ६५ वर्षांनी. पण तोवर खांब कुणाचे हा प्रश्न उरला नव्हता, म्हणून २६ जानेवारी १९५० ला ते राजमुद्रा झाले तेव्हा त्यांच्यामागं एक नाव आणि एक विचार होता. आणि तुम्ही आत्ता वाचताय ती देवनागरी? तीही त्याच ब्राह्मीच्या वंशातली. ब्राह्मीतला ठ नुसता गोल असतो. आपल्या ठ मध्ये तो अजून तसाच बसलाय, बघा.