शत्रूच्या जखमा बांधणारे भाई कन्हैया

नांदेडच्या सचखंड गुरुद्वाऱ्यात गुरू गोविंदसिंगांपुढे माथा टेकणाऱ्या अनेकांना त्यांचे अनुयायी भाई कन्हैया ठाऊक नसतात. त्यांचा जन्म 1648 चा, आज पाकिस्तानात असलेल्या सोधरा गावी.

1704 च्या सुमारास आनंदपूरच्या लढाईत ते मशक घेऊन जखमींमध्ये फिरत. रक्त गेले की तहान फार लागते. (आज मात्र शस्त्रक्रियेची शक्यता असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय जखमीला पाणी देत नाहीत.) शीख परंपरा सांगते की, ते शत्रूलाही पाणी पाजतात, अशी सैनिकांनी गुरूंकडे तक्रार केली. महत्प्रयासाने पाडलेला शत्रू पाणी पिऊन पुन्हा उठणार, ही भीती काही खोटी नव्हती. कन्हैयांनी आरोप नाकारला नाही. जखमींत आपला-परका आपल्याला दिसतच नाही, एवढेच सांगितले. गुरूंनी त्यांच्या हाती मलम दिले आणि जखमाही बांधायला सांगितले.

मारामारीतले दोन्ही गट एकाच रात्री दवाखान्यात येतात, तेव्हा नांदेड-लातूरच्या सिस्टरपुढेही हाच प्रसंग असतो. बाहेर नातेवाईक ओरडत असतात आणि ती आधी कोणाचे रक्त जास्त वाहते आहे ते पाहते.

गुरू 1708 मध्ये नांदेडला निवर्तले, कन्हैया त्यानंतर दहा वर्षांनी. त्यांचे अनुयायी पुढे सेवापंथी म्हणून ओळखले गेले.