परमपूज्य बाबासाहेबांचे परदेशातील विद्यार्थिजीवन

दरवर्षी जून महिन्यात पेटी आणि वळकटी घेऊन नवी मुले आमच्या वसतिगृहात दाखल होतात. पहिले काही दिवस त्यांचे मन अभ्यासात लागत नाही. आपली खाट कोणती, पाणी कोठे प्यायचे, जेवणाची घंटा केव्हा होते, शेजारचा मुलगा आपल्याशी बोलेल की नाही, याच प्रश्नांनी ती व्यापलेली असतात. हे प्रश्न आम्हाला कधीच क्षुल्लक वाटले नाहीत, कारण बोधिसत्व डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनाही घर सोडल्यावर याच प्रश्नांना सामोरे जावे लागले होते. त्यांच्या पदव्यांची नामावली आपणा सर्वांस मुखोद्गत आहे. परंतु त्या पदव्या संपादन करीत असताना ते परक्या देशात कोठे राहिले, काय जेवले आणि तेथील जीवनात कसे रुळले, याचा विचार आपल्याकडून क्वचितच होतो. या स्मरणिकेच्या निमित्ताने त्यांच्या चरित्रातील तेवढाच भाग आम्ही वाचकांसमोर ठेवीत आहोत.

१४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे जन्मलेल्या भीमरावांचे प्राथमिक शिक्षण साताऱ्यास झाले. शाळेत बसण्यासाठी त्यांना घरून गोणपाट न्यावे लागे व ते संध्याकाळी परत आणावे लागे. नळाला हात लावण्याची मुभा नव्हती. शिपायाने नळ सोडला तरच पाणी मिळे आणि शिपाई नसला तर तहान तशीच राही. न्हावी केस कापीत नसे, म्हणून ते काम घरी थोरल्या बहिणी करीत. बसणे, पाणी पिणे, केस कापणे या साध्या गोष्टींतही ज्या बालकाला आपली पायरी पदोपदी दाखविली गेली, त्यानेच पुढे ज्ञानाची सर्वोच्च पायरी गाठली. त्यामागे सुभेदार रामजींचा ध्यास होता. मुलाने पदवी घेतलेली त्यांनी पाहिली. मात्र २ फेब्रुवारी १९१३ रोजी त्यांचे निधन झाले आणि मुलाचे परदेशगमन पाहणे त्यांच्या नशिबी आले नाही.

त्याच वर्षी श्रीमंत सयाजीराव महाराज गायकवाड यांनी बडोदा संस्थानातर्फे काही विद्यार्थ्यांना अमेरिकेत पाठविण्याचे ठरविले. भीमरावांची निवड झाली. दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती तीन वर्षांसाठी मंजूर झाली व शिक्षण पुरे झाल्यावर दहा वर्षे संस्थानची नोकरी करण्याचा करार ४ जून १९१३ रोजी झाला. घरी तरुण पत्नी रमाबाई आणि काही महिन्यांचे बाळ यशवंत. त्यांचा निरोप घेऊन बावीस वर्षांचे भीमराव बोटीत बसले व जुलै महिन्यात न्यूयॉर्कला पोहोचले.

कोलंबिया विद्यापीठाच्या हार्टले हॉल या वसतिगृहात ते प्रथम उतरले. नव्या देशाची पहिली अडचण तेथे जेवणाच्या टेबलावर उभी राहिली. अन्न त्यांच्या चवीप्रमाणे शिजलेले नसे व त्यात गोमांसाचे पदार्थ अधिक असत. ते त्यांना मानवेना. आठवडाभरातच त्यांनी ती जागा सोडली आणि काही भारतीय विद्यार्थी जेथे राहत होते त्या कॉस्मोपॉलिटन क्लबात मुक्काम हलविला. शेवटी लिव्हिंग्स्टन हॉल या वसतिगृहात त्यांचे बिऱ्हाड स्थिरावले. तेथे त्यांच्या सोबतीला होते नवल भथेना नावाचे पारशी विद्यार्थी. एका खोलीत जुळलेला हा स्नेह पुढे आयुष्यभर टिकला.

पहिले काही महिने मन मोकळेपणाने हिंडण्याफिरण्यात गेले. मित्रांबरोबर नाटके पाहणे, बर्फावर घसरण्याचे खेळ खेळणे, बॅडमिंटन खेळणे हे सारे त्यांनी केले. आमच्या काही वाचकांना याचे आश्चर्य वाटेल. आम्हाला मात्र यात काहीच वावगे दिसत नाही. सोबतीने खेळण्यास आणि सोबतीने जेवण्यास ज्याला जन्मापासून मज्जाव होता, त्या तरुणाला प्रथमच कोणी जात न विचारता खेळात घेत होते. परंतु लवकरच त्यांना आपल्या जबाबदारीची जाणीव झाली. घरची ओढग्रस्ती, वडिलांची इच्छा आणि मागे राहिलेला सारा समाज त्यांच्या डोळ्यांसमोर उभा राहिला. त्यानंतर त्यांनी दिनक्रमच बदलून टाकला.

हा दिनक्रम कडक होता. दिवसाचा बराच काळ ग्रंथालयात जाई. अर्थशास्त्र हा मुख्य विषय असला तरी समाजशास्त्र, इतिहास, तत्त्वज्ञान, मानववंशशास्त्र व राज्यशास्त्र या विषयांचाही त्यांनी कसून अभ्यास केला. प्रा. सेलिग्मन व प्रा. जॉन ड्यूई यांच्यासारखे गुरू त्यांना लाभले. जेवणासाठी कॉफीचा पेला, दोन मफिन आणि मांसाची किंवा माशाची एखादी बशी, एवढ्यावर ते भागवीत. त्याला एक डॉलर दहा सेंट पडत. शिष्यवृत्तीतूनच काही रक्कम वाचवून घरी रमाबाईंना पाठवावी लागे. चैन म्हणावी अशी एकच गोष्ट त्यांनी ठेवली होती. जुन्या पुस्तकांच्या दुकानांत हिंडून त्यांनी दोन हजारांच्या आसपास ग्रंथ जमविले. त्या काळात लाला लजपतराय न्यूयॉर्कमध्ये होते व तेथील भारतीय विद्यार्थ्यांना राजकीय चळवळीत आणू पाहत होते. भीमरावांनी मात्र शिक्षण संपेपर्यंत त्यात न पडण्याचा आपला निश्चय ढळू दिला नाही. न्यूयॉर्कहून वडिलांच्या एका स्नेह्यास लिहिलेल्या पत्रात त्यांनी मुलांबरोबर मुलींनाही शिक्षण देण्याचा आग्रह धरला होता, हे आमच्या वाचकांनी विशेष लक्षात घ्यावे.

१९१५ मध्ये त्यांना एम. ए. ची पदवी मिळाली. ९ मे १९१६ रोजी प्रा. गोल्डनवायझर यांच्या चर्चासत्रात त्यांनी भारतातील जातींवरील आपला सुप्रसिद्ध निबंध वाचला आणि जून महिन्यात पीएच. डी. चा प्रबंध सादर केला. जातीची मीमांसा करणारा त्यांचा हा निबंध जात नसलेल्या देशात लिहिला गेला, ही गोष्ट आम्हाला अर्थपूर्ण वाटते. दूर राहून, पोट भरलेले आणि मन निर्भय असताना त्यांना त्या व्यवस्थेकडे अभ्यासकाच्या नजरेने पाहता आले.

तेथून ते लंडनला गेले. ग्रेज इन येथे बॅरिस्टरीसाठी व लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये अर्थशास्त्रासाठी त्यांनी नाव घातले. परंतु शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि १९१७ साली अभ्यास अर्धवट टाकून त्यांना परतावे लागले. ते ऑगस्ट महिन्यात मुंबईस सुखरूप पोहोचले. मात्र त्यांचे सामान व ग्रंथ वेगळ्या जहाजाने येत होते, ते जहाज महायुद्धात पाणतीराने बुडविले गेले. चार वर्षांचा संसार म्हणावा तो समुद्रतळाशी गेला.

यापुढील प्रसंग आम्हाला या चरित्रभागाचा गाभा वाटतो. करारानुसार बाबासाहेब बडोद्यास नोकरीवर रुजू होण्यासाठी गेले. अमेरिका आणि युरोपातील वास्तव्यात आपण अस्पृश्य आहोत ही जाणीवच त्यांच्या मनातून पुसली गेली होती, असे त्यांनी स्वतः नमूद करून ठेवले आहे. बडोद्याच्या स्थानकावर उतरताच ती पुन्हा जागी झाली, कारण राहायचे कोठे हा प्रश्न समोर होता. हिंदूंच्या खानावळीत प्रवेश मिळणार नव्हता. ते एका पारशी धर्मशाळेत गेले आणि तेथेही पारशी नाव धारण करावे लागले तेव्हा कुठे जागा मिळाली. वरच्या मजल्यावर अडगळीचे सामान भरलेला मोठा ओसाड दिवाणखाना, त्यात मिणमिणता कंदील आणि वटवाघळांची फडफड. कचेरीत शिपाई लांबूनच कागद टाकीत. पिण्याचे पाणी मिळण्याची मारामार होती. अकराव्या दिवशी सकाळी हातांत काठ्या घेतलेला दहाबारा पारशांचा जमाव त्यांच्यासमोर उभा राहिला आणि संध्याकाळपर्यंत जागा सोडण्याचे त्यांना फर्मावण्यात आले. एक हिंदू व एक ख्रिस्ती, अशा दोन परिचितांकडे त्यांनी आसरा मागून पाहिला. दोघांनीही असमर्थता दर्शविली. मग कोलंबिया विद्यापीठाचा हा विद्वान एका सार्वजनिक बागेत जाऊन बसला व रात्रीच्या गाडीने मुंबईस परतला.

न्यूयॉर्कमध्ये एका पारशी तरुणाने त्यांच्याशी जन्मभराचे मैत्र जोडले. बडोद्यात त्याच समाजातील माणसे काठ्या घेऊन आली. यात दोष एखाद्या समाजाचा नाही, हे उघड आहे. ज्या हवेत माणूस वाढतो ती हवा त्याच्या हातात मैत्री देते किंवा काठी देते. पुढे बाबासाहेबांनी अशा अनुभवांची जी हकिकत लिहिली, तिला त्यांनी व्हिसाच्या प्रतीक्षेचे नाव दिले. परक्या देशात शिरताना लागणारा परवाना त्यांना स्वतःच्याच देशात पदोपदी मागावा लागला, हा त्या नावाचा अर्थ आम्ही समजतो.

तथापि ते खचले नाहीत. नोव्हेंबर १९१८ मध्ये मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात प्राध्यापकी पत्करून परळच्या चाळीतील दोन खोल्यांत त्यांनी काटकसरीने संसार केला व पैसा साठविला. स्वतःची शिल्लक, राजर्षी शाहू महाराजांचे साहाय्य आणि नवल भथेना यांनी उसने दिलेले पाच हजार रुपये, एवढ्या बळावर जुलै १९२० मध्ये ते पुन्हा लंडनला निघाले.

या वेळचे लंडन उपाशी पोटाचे होते. किंग हेन्रीज रोडवरील १० क्रमांकाच्या घरात ते राहिले. घरमालकीण कडक व हात आखडून वाढणारी. सकाळी चहाचा पेला, मुरंबा लावलेली पावाची एक चकती आणि माशाचा लहानसा तुकडा. तेवढे खाऊन ते पायी ब्रिटिश म्युझियमच्या ग्रंथालयात जात आणि ते बंद होईपर्यंत वाचीत बसत. दुपारच्या जेवणाला पैसे नसत. रात्री बोव्हरिलचा पेला व बिस्किटे मिळत. पुन्हा भूक लागली की एका गुजराती परिचिताने दिलेले पापड पत्र्यावर भाजून ते खात व वाचन पुढे चालू ठेवीत. खोलीतील सोबती अस्नोडकर त्यांना झोपण्याचा आग्रह करीत, तेव्हा पैसा आणि वेळ दोन्ही आपल्यापाशी अपुरे असल्याचे ते सांगत. इकडे मुंबईत रमाबाई त्याच काटकसरीने घर चालवीत होत्या. लंडनमधील त्या अभ्यासाचा निम्मा भार माता रमाईंनी वाहिला, असे आम्ही मानतो.

१९२१ मध्ये एम. एस्सी., १९२२ मध्ये बॅरिस्टरी आणि १९२३ मध्ये रुपयाच्या प्रश्नावरील प्रबंधास डी. एस्सी. ही पदवी, असे या तपश्चर्येचे फळ मिळाले. एप्रिल १९२३ मध्ये बाबासाहेब मायदेशी परतले. २० जुलै १९२४ रोजी त्यांनी बहिष्कृत हितकारिणी सभेची स्थापना केली आणि ४ जानेवारी १९२५ रोजी या सभेने सोलापुरात अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह उघडले. मुलांच्या राहण्याजेवण्याची, कपड्यांची व लेखनसाहित्याची सोय सभेने केली.

सभेच्या पहिल्या कार्यांत वसतिगृहाला स्थान का मिळाले, याचे उत्तर आम्हाला लिव्हिंग्स्टन हॉल, बडोद्याची बाग आणि किंग हेन्रीज रोड या तीन ठिकाणी सापडते. बुद्धिमत्ता तिन्ही ठिकाणी एकाच माणसाची होती. जेथे जात न विचारता खोली मिळाली, तेथे ग्रंथ लिहिले गेले. जेथे खोली नाकारली गेली, तेथे विद्वानाला झाडाखाली बसावे लागले. जेथे खोली होती पण अन्न नव्हते, तेथे विद्येसाठी शरीर झिजवावे लागले. आपण सोसले ते पुढच्या पिढीतील मुलांनी सोसू नये, यासाठी छप्पर, अंथरूण, ताट आणि दिवा यांची व्यवस्था करणे हे त्यांनी शिक्षणाइतकेच महत्त्वाचे मानले. पुढे मुंबईचे सिद्धार्थ आणि औरंगाबादचे मिलिंद ही महाविद्यालये त्यांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने उभारली, त्यामागेही हीच तळमळ होती.

आमचे माजी विद्यार्थी आज दूरदूरच्या शहरांत, काही परदेशांतही स्थायिक झाले आहेत. भाड्याने खोली पाहावयास गेल्यावर आडनाव ऐकून बदललेला चेहरा त्यांच्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. त्यांना आमची एकच विनंती आहे. आपण स्थिरावलो म्हणजे आपल्या मागून त्या गावात येणाऱ्या मुलाला चार दिवस आपले दार उघडे असावे. नव्याने आलेल्याला पाण्याचा पेला आणि झोपण्यापुरती जागा देणे, हा बाबासाहेबांच्या चरित्राचा सर्वांत सोपा आणि सर्वांत अवघड धडा आहे. पालकांनीही आपल्या मुलाची खाट, ताट आणि पुस्तक यांची चौकशी सारख्याच आस्थेने करावी.

६ डिसेंबर १९५६ रोजी महापरिनिर्वाण पावलेल्या त्या महामानवाच्या स्मृतीस आम्हा सर्वांचे विनम्र अभिवादन.

नमो बुद्धाय. जय भीम.