आपल्या हायकोर्टाचे पहिले मुख्य न्यायमूर्ती

जबलपुरातील अनेक मराठी कुटुंबांचा इथला मुक्काम १ नोव्हेंबर १९५६ पासूनचा आहे. राज्यपुनर्रचनेत विदर्भ मुंबई राज्यात गेला, नागपूरचे हायकोर्ट जबलपूरला आले आणि फायलींच्या गठ्ठ्यांबरोबर कारकून, लघुलेखक, वकील अशी मंडळीही बिऱ्हाडे घेऊन आली. माझे वडील त्यांतलेच एक. त्यामुळे न्यायमूर्ती मोहम्मद हिदायतुल्ला हे नाव आमच्या घरी वडीलधाऱ्याच्या नावासारखे आदराने घेतले जाई. पुढे मीही याच कोर्टात वकिली केली. स्मरणिकेच्या निमित्ताने त्यांची ओळख नव्या पिढीला करून द्यावी, असे मनात आले.

त्यांचा जन्म १९०५ चा. शालेय शिक्षण रायपूरला, नंतर नागपूरचे मॉरिस कॉलेज आणि पुढे केंब्रिज. १९३० मध्ये बॅरिस्टर होऊन त्यांनी नागपुरात वकिली सुरू केली. १९४६ मध्ये ते न्यायाधीश झाले व १९५४ मध्ये नागपूर हायकोर्टाचे मुख्य न्यायमूर्ती. मध्य प्रदेश हायकोर्टाचे पहिले मुख्य न्यायमूर्तीही तेच. डिसेंबर १९५८ मध्ये ते सुप्रीम कोर्टात गेले आणि फेब्रुवारी १९६८ मध्ये भारताचे सरन्यायाधीश झाले.

१९६९ मध्ये काही आठवडे ते हंगामी राष्ट्रपती होते. बँक राष्ट्रीयीकरणाच्या कायद्यावर संमतीची सही त्यांचीच. पुढे तो कायदा सुप्रीम कोर्टासमोर आला, तेव्हा अकरा न्यायाधीशांच्या त्या खंडपीठावर ते नव्हते. फेब्रुवारी १९७० मध्ये कायदा रद्द झाला. बहुमताचा निकाल लिहिला होता न्यायमूर्ती जे. सी. शहा यांनी. ते पूर्वी मुंबई हायकोर्टात होते.

त्याच वर्षी एका निलंबित सरकारी कर्मचाऱ्याच्या तक्रारीवरून शहांना पदावरून दूर करावे, अशी मागणी लोकसभेच्या १९९ सदस्यांनी सह्यांनिशी केली. आरोप लाचेचा नव्हता. सुनावणीत काढलेल्या उद्गारांचा होता. १९६८ च्या कायद्याप्रमाणे लोकसभेतील १०० सह्या पुरतात, इथे जवळजवळ दुप्पट होत्या. सभापती गुरदयालसिंग धिल्लों यांनी मागणीत तथ्य नसल्याचे ठरवून ती फेटाळली. पण एवढे सारे घडले ते हिदायतुल्ला सरन्यायाधीश असताना आणि शहा त्यांच्यानंतरचे ज्येष्ठ असताना. कोर्टातल्या प्रत्येकाला त्याची झळ जाणवली असणार.

हिदायतुल्लांनी उत्तर दिले ते कामातून. सप्टेंबर १९७० मध्ये सरकारने संस्थानिकांची मान्यता एका आदेशाने काढून घेतली. ग्वाल्हेरचे माधवराव शिंदे कोर्टात गेले. तनख्यांविरुद्ध लोकमत तापलेले होते. तरीही १५ डिसेंबरला, म्हणजे निवृत्तीच्या आदल्या दिवशी, हिदायतुल्लांच्या अध्यक्षतेखालील खंडपीठाने तो आदेश रद्द ठरवला. संस्थानिकांचे तनखे योग्य की अयोग्य, हा प्रश्न वेगळा. पुढच्या वर्षी संसदेने रीतसर घटनादुरुस्ती करून ते बंद केले. सरकारनेही घटनेच्याच वाटेने जावे, एवढेच कोर्टाचे म्हणणे होते. १७ डिसेंबरला शहा सरन्यायाधीश झाले.

१९७३ मध्ये मात्र तीन ज्येष्ठ न्यायाधीशांना डावलले गेले. आणीबाणीत, एप्रिल १९७६ मध्ये, ज्या खटल्याला आपल्याच गावाचे नाव आहे, त्या जबलपूर खटल्यात चार न्यायाधीशांनी अटकेविरुद्ध दाद मागण्याची वाट बंद केली. एकटे न्यायमूर्ती खन्ना विरोधात राहिले आणि त्यांचे सरन्यायाधीशपद हुकले. तो निकाल चुकीचा होता, हे सुप्रीम कोर्टाने २०१७ मध्ये मान्य केले.

भ्रष्ट न्यायाधीशाला काढण्याची सोय हवीच. म्हणूनच घटनेने चौकशी आणि दोन्ही सभागृहांत दोन तृतीयांश मतांची अट घातली. पण निकाल आवडला नाही म्हणून सह्या गोळा होऊ लागल्या, तर प्रस्ताव पडला तरी दहशत उरतेच. मग आपल्यासारख्या सामान्य पक्षकाराने सरकारविरुद्ध कोणाच्या दारी जायचे?

हिदायतुल्ला १९७९ ते १९८४ उपराष्ट्रपती होते. सप्टेंबर १९९२ मध्ये ते गेले. रायपूरच्या विधी विद्यापीठाला आज त्यांचे नाव आहे. हायकोर्टाच्या त्या जुन्या इमारतीवरून जाताना मुलांना हे नाव जरूर सांगा.