लाईट मीटर सापडला नाही, तरी ॲन्सेल ॲडम्स यांनी तो फोटो कसा काढला?

ॲन्सेल ॲडम्स यांना खरंतर पियानोवादक व्हायचं होतं. १९०२ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत जन्मलेला हा मुलगा १९१६ मध्ये कुटुंबासोबत योसेमिटीला गेला, हातात कोडॅकचा साधा ब्राउनी कॅमेरा आला आणि पुढे पियानो मागे पडला.

त्या काळात कॅमेरा स्वतःहून उजेड मोजत नसे. त्यासाठी हातात मावणारा लाईट मीटर वापरायचे. मीटर आकडा देतो, त्यावरून शटर किती वेळ उघडं ठेवायचं आणि लेन्सचं छिद्र केवढं ठेवायचं ते ठरतं. पण गंमत अशी की मीटरला बर्फ आणि कोळसा यातला फरक कळत नाही. समोर काहीही असो, ते मध्यम राखाडी दिसेल असाच आकडा तो देतो. म्हणून बर्फ मळकट येतो. (मोबाईलचा कॅमेराही कधीकधी हेच करतो.)

ॲडम्स आणि फ्रेड आर्चर यांनी १९४० च्या सुमारास यावर झोन सिस्टीम आणली. काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत ० ते १० पायऱ्या, प्रत्येक पायरीला उजेड दुप्पट. मीटरचा राखाडी म्हणजे ५. बर्फ ७ वर हवा की ८ वर, हे फोटोग्राफरने ठरवायचं.

आणि १९४१ मध्ये या सगळ्याची परीक्षाच झाली. न्यू मेक्सिकोतल्या हर्नांडेझ गावावर चंद्र उगवला होता, कब्रस्तानातल्या पांढऱ्या क्रुसांवर मावळतीचं ऊन होतं. ॲडम्स यांनी गाडी थांबवून घाईघाईत मोठा कॅमेरा लावला, पण मीटर सापडेना!

चंद्राची चकाकी प्रति चौरस फूट २५० कँडल असते, हे मात्र त्यांना पाठ होतं. त्यांच्या ६४ स्पीडच्या फिल्मवर एफ/८ ला १/२५० सेकंद दिला, तर चंद्र राखाडी आला असता. त्यांना तो ७ व्या पायरीवर हवा होता, म्हणजे चौपट उजेड, साधारण १/६० सेकंद. फिल्टरमुळे तिप्पट, म्हणजे १/२०. खोलवर सगळं स्पष्ट यावं म्हणून छिद्र एफ/३२ केलं, उजेड १६ पट घटला. हिशेब आला साधारण १ सेकंद.

दुसरा फोटो घेण्याआधीच क्रुसांवरचं ऊन गेलं.

चंद्र बरोबर आला, पण पुढचा भाग निगेटिव्हवर फारच पातळ उमटला होता. १९४८ मध्ये त्यांनी रसायन वापरून तेवढाच भाग दाट केला. १९८४ मध्ये ॲडम्स यांचं निधन झालं. त्याआधी या एकाच निगेटिव्हवरून त्यांनी शेकडो प्रिंट काढले होते, आणि वर्षं सरली तसं त्यातलं आकाश अधिकाधिक काळं होत गेलं.