नॅट किंग कोल : एका गायकाचा वारसा

धनाचा वारसा वाटून देता येतो. विद्येचा वारसा मात्र प्रत्येक पिढीस नव्याने संपादन करावा लागतो. अमेरिकेतील विख्यात कृष्णवर्णीय गायक नॅट किंग कोल यांच्या चरित्रात हे सत्य विशेष रीतीने प्रत्ययास येते. म्हणून ते आम्ही ज्ञातिबांधवांपुढे संक्षेपाने ठेवीत आहोत.

त्यांचा जन्म १७ मार्च १९१९ रोजी अलाबामा राज्यातील माँटगोमेरी येथे झाला. ते चार वर्षांचे असता हे कुटुंब शिकागो शहरी येऊन राहिले. वडील बाप्टिस्ट पंथाचे धर्मोपदेशक, तर मातोश्री चर्चमध्ये ऑर्गन वाजवीत. पियानोचे पहिले धडे नॅट यांना मातेपाशीच मिळाले. एडी, आइक व फ्रेडी हे त्यांचे बंधूही संगीतातच रमले. १९३६ साली थोरल्या एडींच्या वाद्यवृंदातून नॅट यांचे वादन प्रथम ध्वनिमुद्रित झाले.

पुढच्याच वर्षी त्यांनी लॉस एंजेलिस येथे पियानो, गिटार व बास या तीनच वाद्यांचा संच उभारला. प्रारंभी त्यांची ख्याती होती ती पियानोवादक म्हणून. १९४३ साली ते कॅपिटॉल कंपनीत आले आणि वडिलांच्या प्रवचनातील गिधाड व माकड यांच्या कथेवर रचलेल्या गीताने त्यांचा कंठ घरोघरी पोहोचला. ध्वनिक्षेपकामुळे गायकास आवाज चढविण्याचे कारण उरले नव्हते. शेजारी बसून बोलावे तशा हळुवारपणे, प्रत्येक शब्द स्वच्छ उच्चारीत ते गात. ‘नेचर बॉय’ (१९४८), ‘मोना लिसा’ (१९५०) व ‘अनफर्गेटेबल’ (१९५१) या ध्वनिमुद्रिका अपार लोकप्रिय झाल्या. एक थोर वादक हरपला, अशी हळहळ मात्र जाझचे रसिक करीत राहिले.

परंतु ज्यांच्या घरात त्यांच्या ध्वनिमुद्रिका वाजत, त्यांतील अनेकांना ते शेजारी म्हणून नको होते! १९४८ साली त्यांनी लॉस एंजेलिसच्या हँकॉक पार्क वस्तीत घर घेतले, तेव्हा गोऱ्या रहिवाशांनी त्यांना घालविण्याचा यत्न केला. ते तेथेच राहिले. एप्रिल १९५६ मध्ये बर्मिंगहॅम येथे गात असता गोऱ्या वर्णद्वेष्ट्यांनी रंगमंचावर चढून त्यांच्यावर हल्ला केला. त्याच वर्षी त्यांचा दूरचित्रवाणी कार्यक्रम सुरू झाला. पण राष्ट्रव्यापी जाहिरातदार न लाभल्याने डिसेंबर १९५७ मध्ये तो बंद पडला. धूम्रपानाचे व्यसन त्यांना जडलेलेच होते. १५ फेब्रुवारी १९६५ रोजी, वयाच्या अवघ्या पंचेचाळिसाव्या वर्षी, फुप्फुसाच्या कर्करोगाने त्यांचे निधन झाले.

कन्या नॅटली तेव्हा नुकती पंधरा वर्षांची झाली होती. थोर पित्याचे नाव हा आधार खरा, तसाच भारही. गायिका होताना नॅटलीने पित्याची गीते दूर ठेवून निराळ्या शैलीत कीर्ती मिळविली. अमली पदार्थांच्या विळख्यात सापडली व त्यातून बाहेरही पडली. त्यानंतर १९९१ साली तिने पित्याची गीते गाऊन ध्वनिमुद्रित केली. ‘अनफर्गेटेबल’मध्ये तर पित्याच्या जुन्या ध्वनिमुद्रणाशी स्वतःचा आवाज जुळवून तिने युगुलगीत साधले. त्यास ग्रॅमी पारितोषिके लाभली. ती २०१५ साली निवर्तली. काका फ्रेडीही दीर्घकाळ गाऊन २०२० साली गेले.

मुलांना आपलाच मार्ग घालून देण्याची घाई आम्हां वडीलधाऱ्यांस फार असते. नॅटली मात्र स्वतःच्या पायांवर उभी राहिली आणि मगच पित्याच्या गाण्याकडे वळली. घरात विद्येचा संस्कार असावा; तो स्वीकारण्याची वेळ मात्र मुलांची मुलांनीच ठरवावी, असे आम्हांस वाटते.